विजारीच्या मागे निघालेलं जहाज

दोस्तांनो, एक विजार एकटीच हजारो किलोमीटर फिरून येऊ शकते का? तीही कुणाच्या पायात नसताना?

हो! ऐका तर गंमत!

‘जीनेट’ नावाचं एक अमेरिकन जहाज उत्तर ध्रुवाच्या समुद्रात बर्फात अडकलं. अडकित्त्यात सुपारी सापडावी, तसं! १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने ते चिरडलं आणि ते बुडालं.

तीन वर्षांनी काय झालं, माहीत आहे? त्या जहाजावरच्या काही वस्तू सापडल्या. कुठे? ध्रुवाच्या पार पलीकडे, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर! त्यात एका खलाशाची मेणकापडी विजारही होती!

कुणी आणली ती? बर्फाने! आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे फरशीसारखा घट्ट, जागच्या जागी. पण तिथे बर्फाखाली समुद्र आहे. वाऱ्याने आणि पाण्याच्या प्रवाहाने तो बर्फ सरकत असतो. पावसाच्या ओहोळात कागदाची होडी सरकते ना, तसा. फक्त खूप खूप हळू!

नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने ही बातमी वाचली आणि त्याचे डोळे चमकले. विजार जाऊ शकते, तर जहाज का नाही?

त्याने ठरवलं, आपण मुद्दाम बर्फात अडकायचं! बर्फच आपल्याला ध्रुवाकडे नेईल! भलेभले अनुभवी दर्यावर्दी म्हणाले, छे, हे जमायचं नाही.

पण बर्फाने जहाज चिरडलं तर? यावर नान्सेनची युक्ती ओळखा पाहू!

कलिंगडाची ओली बी चिमटीत धरा. आता जोरात दाबा. सुर्रकन निसटली ना? बस्स, हीच युक्ती! कॉलिन आर्चर या कारागिराने जहाजाचं पोट गोल, गुळगुळीत बनवलं. नारळाच्या अर्ध्या करवंटीसारखं! बर्फाने दोन्हीकडून दाबलं, की जहाजाने वर उचललं जायचं!

जहाजाचं नाव ‘फ्राम’. म्हणजे ‘पुढे’! लांबी ३९ मीटर, जवळजवळ दोन क्रिकेटच्या पिचएवढी. आणि त्याच्या लाकडी भिंती? तुमच्या कंपासमधल्या छोट्या पट्टीच्या पाचपट जाड!

थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींना आतून थरांवर थर लावले. जाड लोकरी कापड, बुचाचं लाकूड, रेनडिअरचे केस! जणू जहाजाला गोधडीच शिवली!

आता सामान. सहलीला निघताना आपण डब्यात काय घेतो? पोळी-भाजी, एखादा लाडू. इथे माणसं १३ आणि खाणं पाच वर्षांचं! मध्ये एकही दुकान नाही. काही विसरलं तर संपलंच!

आणि दिवे? तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही! मग जहाजावर चक्क पवनचक्की बसवली. वारा सुटला, की पाती गरगरा फिरायची आणि आत विजेचे दिवे लागायचे!

जून १८९३ मध्ये फ्राम निघालं. सप्टेंबरमध्ये बर्फात अडकलं. अगदी ठरवल्याप्रमाणे! मग सुरू झाला गोगलगायीचा प्रवास. कधी पुढे, कधी चक्क मागे!

जानेवारी १८९५ मध्ये मात्र सगळ्यांच्या पोटात गोळा आला. बर्फाचा ढिगारा जहाजावर चाल करून आला. लाकूड करकरू लागलं. जहाज सोडावं लागलं तर, म्हणून सामानसुद्धा बाहेर बर्फावर काढून ठेवलं! आणि मग? फ्राम वर उचललं गेलं! कलिंगडाची बी निसटली!

पण फ्राम काही थेट ध्रुवावरून जाणार नव्हतं. म्हणून मार्चमध्ये नान्सेन आणि त्याचा सोबती योहानसेन, जहाज बाकीच्यांवर सोपवून, कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले. ध्रुव काही गाठता आला नाही. पण तोवर कुणीच पोहोचलं नव्हतं, इतक्या उत्तरेला ते जाऊन आले! परतताना एक अख्खा हिवाळा त्यांनी दगडांच्या झोपडीत काढला, अस्वलाचं मांस खाऊन!

आता खरी गंमत! १३ ऑगस्ट १८९६ ला नान्सेन नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरला. आणि त्याच दिवशी, तिकडे दूर, फ्राम बर्फातून मोकळं झालं! दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. फ्राम बाहेर आलं ते ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला!

तेराही जण सुखरूप घरी आले!

म्हणजे बघा, त्या विजारीने दाखवलेली वाट अगदी खरी होती!