वसईच्या पर्यटनाला मोजमापाची जोड हवी

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला, भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला नालासोपाऱ्याचा स्तूप, अर्नाळ्याचा जलदुर्ग आणि तुंगारेश्वरचे अभयारण्य. मुंबईच्या उंबरठ्यावर एवढा ठेवा असताना सुटीच्या दिवशी गर्दी उसळणे ओघानेच आले. मात्र ही गर्दी किती असावी, हे कशाच्या आधारे ठरवायचे?

पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर दुर्घटना घडतात आणि मनाईहुकूम निघतात. जीव वाचवण्यासाठी बंदी आवश्यकच आहे. पण बंदी म्हणजे धोरण नव्हे.

शाश्वत पर्यटनाच्या अभ्यासात यासाठी ‘वहनक्षमता’ ही संकल्पना वापरतात. तिचा हिशेब साधारणतः तीन टप्प्यांत होतो. प्रथम जागेत दिवसभरात किती माणसे सामावतील, हे काढतात. त्यातून पाऊस, भरती, जमिनीची धूप, वन्यजीवांचा विणीचा काळ यांची वजावट होते. शेवटी जीवरक्षक, स्वच्छतागृहे, कचरा उचलण्याची सोय किती, हे पाहिले जाते. उरणारा आकडा पहिल्याहून बराच लहान असतो. तो कायमचा नसतो; सोयी वाढल्या वा निसर्गाची हानी दिसली की बदलावा लागतो. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू झाली, ती याच विचाराने.

वसईत पाण्याचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. किनाऱ्यालगत भूजलाचा अतिउपसा झाला की विहिरींत खारे पाणी शिरते. टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, तो बागायती आणि विहिरी वाचवण्यासाठीच. त्यामुळे नव्या रिसॉर्टला परवानगी देण्यापूर्वी परिसरातील विहिरींची पातळी आणि क्षारता तपासणे क्रमप्राप्त ठरते.

शास्त्रीय अभ्यासाची वाट येथे नवी नाही. २०१८ च्या पुरानंतर महापालिकेने ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून कारणांचा अभ्यास करून घेतला होता. मात्र तो आपत्तीनंतरचा होता. पर्यटनात तो आधी व्हायला हवा.

खरी अडचण विखुरलेल्या अधिकारांची आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, अभयारण्य वन विभागाकडे, तर शहरातील रस्ते आणि कचरा महापालिकेकडे. या यंत्रणांनी वर्षभर पर्यटक, कचरा आणि विहिरींची एकत्रित नोंद ठेवून ती जाहीर केली, तरी पुरेशी सुरुवात होईल. मग मर्यादा कोठे आखावी, हे दुर्घटनेची वाट न पाहता ठरवता येईल.