तिसरं नाव

२००३-०४ मध्ये डीसी कॉमिक्सनं ‘सुपरमॅन : बर्थराइट’ ही बारा अंकांची मालिका काढली. क्लार्क केंटचा सुपरमॅन कसा झाला, ती गोष्ट नव्यानं सांगणारी. नामावलीत पहिलं नाव लेखक मार्क वेड यांचं, दुसरं चित्रकार लेनिल फ्रान्सिस यू यांचं. तिसऱ्या नावापाशी वाचकाची नजर सहसा थांबत नाही. ते नाव होतं जेरी अलांगिलान. काम : शाई.

हे शाईचं काम काय असतं, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये कॉमिकचं पान सहसा एकटा माणूस पूर्ण करत नाही. महिन्याला एक अंक बाहेर काढायचा, तर कामाची वाटणी करावीच लागते. लेखक संहिता देतो, त्यावरून एक जण पेन्सिलीनं पान काढतो, दुसरा शाईनं ते पक्कं करतो, तिसरा रंग भरतो, चौथा संवादांची अक्षरं टाकतो. पेन्सिलीचं पान जवळून पाहिलं तर कळतं, की ते चित्र अजून ठरलेलं नसतं. एका गालाला तीन-तीन रेघा असतात. कोटाची घडी नुसती सुचवलेली असते. जिथं काळा ठोक भरायचा तिथं चित्रकार बारीकशी फुली मारून पुढं गेलेला असतो. तीन रेघांपैकी गालाची खरी रेघ कोणती, सावली कुठं संपते, मागची इमारत किती बारीक टाकाने काढली म्हणजे ती मागं जाईल, हे सगळं शाईवाला ठरवतो. तेही खोडरबराशिवाय. चूक झालीच तर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन पुन्हा सुरुवात.

तरी त्याच्या वाट्याला मान कमीच. केविन स्मिथच्या ‘चेसिंग एमी’ या १९९७च्या सिनेमात एक वाचक शाईवाल्याला ‘तू नुसता गिरवतोस’ म्हणून डिवचतो आणि प्रकरण हातघाईवर येतं. प्रेक्षक हसतात. या धंद्यातले लोक बहुधा जरा कमी हसत असावेत.

अलांगिलान यांनी ही गिरवण्याची चाकरी वीसेक वर्षं केली. ‘वुल्व्हरिन’, ‘एक्स-मेन’, सुपरमॅन, पुढं मार्व्हलची आणखी कामं, बहुतेक वेळा लेनिल यू यांच्याच पेन्सिलीवर. पण त्यांचं नाव घ्यायचं कारण वेगळं आहे. दिवसा दुसऱ्याच्या रेघा पक्क्या करणाऱ्या या माणसानं स्वतः लिहून, स्वतः काढून एक असं पुस्तक केलं, की ज्याला फिलिपिन्सच्या कॉमिक्समध्ये तोड नाही असं मी बेधडक म्हणेन. आणि त्यातला नायक कोंबडा आहे.

जेरी यांचा जन्म २० जानेवारी १९६८चा, लागुना प्रांतातल्या सान पाब्लो इथला. मनिलाच्या दक्षिणेचं हे गाव सात तळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. शिक्षण वास्तुकलेचं. परवाना मिळालेला वास्तुविशारद, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं मार्गी लागलेला मुलगा. पण नव्वदच्या दशकात त्यांनी ते सोडून कॉमिक्सची वाट धरली. व्हिल्स पोर्टासिओ हे फिलिपिन्समध्ये जन्मलेले चित्रकार तेव्हा अमेरिकेत नावारूपाला आले होते, आणि त्यांच्याबरोबरच्या कामातून जेरी यांना परदेशी कॉमिक्सचं दार उघडलं. त्याच सुमारास, १९९४मध्ये, त्यांनी स्वतःचं ‘वेस्टेड’ सुरू केलं. प्रेयसी सोडून गेल्यावर माथेफिरू झालेल्या तरुणाची रक्तबंबाळ गोष्ट. ते ढोबळ आहे, आरडाओरडा फार आहे, आणि तरी खाली ठेवता येत नाही. स्वतः छापून मित्रमंडळींत वाटण्याची सवय तिथूनच लागली.

फिलिपिन्सच्या चित्रकारांना अमेरिका नवी नव्हती. १९७१मध्ये डीसीचे कारमाइन इन्फँटिनो आणि जो ऑर्लँडो मनिलात आले. टोनी डेझुनिगा हा तिथला चित्रकार आधीच त्यांच्याकडे काम करत होता, त्यानं मध्यस्थी केली. नेस्तोर रेदोन्दो, अलेक्स निन्यो, अल्फ्रेदो अल्काला असे एकाहून एक हात मग अमेरिकी भयकथा-युद्धकथांमध्ये दिसू लागले. अल्कालांनी जॉन ब्युसेमांच्या ‘कोनन’वर शाई चढवली ती इतकी दाट, इतकी नक्षीदार, की मूळ पेन्सिल कुणाची हा प्रश्नच पडावा. गिरवणारा वरचढ झाल्याचं हे उदाहरण या धंद्यात आजही सांगतात.

मात्र हे हात तयार झाले होते घरच्याच कॉमिक्सवर. १९२९मध्ये ‘लिवायवाय’ साप्ताहिकात केंकॉय हे पात्र आलं, १९५०मध्ये मार्स रावेलोंची महानायिका दार्ना आली. मनिलाच्या गल्ल्यांत कोपऱ्यावरच्या दुकानाशी दोरीला कॉमिक्स टांगलेली असत. चार पैसे टाकायचे, तिथल्याच बाकड्यावर बसून वाचायचं आणि अंक परत दोरीवर. तिथं त्याला ‘कोमिक्स’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘कोमिकेरो’. जेरी यांनी आपल्या प्रकाशनाला हेच नाव दिलं.

‘कोमिकेरो’नं २००६ ते २००८ या काळात चार अंकांत काढलेलं पुस्तक म्हणजे ‘एल्मर’. कल्पना एका ओळीत सांगता येते : १९७९मध्ये जगभरच्या कोंबड्यांना अचानक जाणीव आणि वाचा येते. त्यांना ‘मी’ म्हणता येऊ लागतं. सांगायला विनोदी, पण जेरी तिला विनोदानं हाताळत नाहीत. वाचा फुटते तेव्हा कोंबड्या असतात कुठं? कत्तलखान्यात, पायाला बांधून उलट्या टांगलेल्या. पहिला शब्द उच्चारायच्या आत त्यांना शेजारच्याची मान कापली जाताना दिसते. पुढं दंगली, सूड, कत्तली दोन्हीकडून. आणि शेवटी कोंबड्या ही मानवजातीचाच भाग असल्याची अधिकृत मान्यता.

गोष्ट मात्र उघडते या सगळ्यानंतर, २००३मध्ये. जेक गायो नावाचा तरुण कोंबडा शहरात नोकरीसाठी वणवण करतोय आणि जो तो आपल्याला कोंबडा म्हणून नाकारतो याच्या रागानं धुमसतोय. भाऊ सिनेमात नट आहे, बहिणीनं माणसाशी लग्न ठरवलंय. जेक गावी येतो आणि वडील गेल्यावर त्यांची, एल्मरची, डायरी त्याच्या हाती लागते. त्या पिढीनं काय सोसलं ते मुलाला तोवर कुणी सांगितलेलं नसतं. आणि ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, बेननं, एल्मरला आसरा दिला, तोही एकेकाळी कोंबड्या कापून खाणाराच होता. त्यांच्यातली मैत्री हा पुस्तकातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग.

लोक ‘एल्मर’ची तुलना आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या ज्यू-संहारावरच्या चित्रकादंबरीशी करतात. मला ती पटत नाही. ‘माउस’मधला उंदीर हा मुखवटा आहे, आत माणूसच आहे हे वाचक क्षणभरही विसरत नाही. इथं कोंबडा कोंबडाच राहतो. जेरी यांनी त्यांना डिस्नेसारखे हात दिले नाहीत, मोठे डोळे दिले नाहीत. काळ्यापांढऱ्या पानांवर मानेचं पीस न् पीस शाईनं काढलंय, तुऱ्याची खडबडीत कातडी, पायाचे खवले. दुसऱ्यांच्या पानांवर वर्षानुवर्षं घोटलेला हात इथं कामी आलाय. ज्या देशात घरोघरी कोंबडीचं ‘आदोबो’ आणि ‘तिनोला’ शिजतं, रविवारी झुंजीच्या आखाड्यात कोंबड्यांच्या पायाला पातं बांधून पैजा लागतात, तिथल्या वाचकाला ही चित्रं कुठं टोचली असतील, याची कल्पना करता येते.

अमेरिकेत हे पुस्तक २०१०मध्ये एसएलजी या छोट्या प्रकाशनानं काढलं. पुढच्या वर्षी आयस्नर पुरस्काराच्या नामांकनांत ते होतं, आणि फ्रेंच आवृत्तीला सँ-मालोच्या ‘के दे बुल’ महोत्सवात पुरस्कार मिळाला.

याच काळात जेरी आणखी एका कामात गुंतले होते, आणि त्यासाठी मी त्यांना ‘एल्मर’इतकेच गुण देईन. फ्रान्सिस्को कोचिंग हे कोमिक्सचे मोठे गुरू. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, पन्नासहून अधिक चित्रकादंबऱ्या, आणि १९७३मध्ये चौपन्नाव्या वर्षी निवृत्ती. पण त्यांचं काम वाचायला मिळणार कुठं? त्या काळातली बहुतेक मूळ चित्रं टिकली नाहीत. उरले ते स्वस्त कागदावरचे अंक, पिवळे पडलेले, हात लावला की कोपरा तुटणारे, पाठीमागची छपाई पुढं उमटलेली. जेरी यांनी स्पॅनिश अमदानीतल्या ‘एल इंदिओ’ या साहसकथेची छापील पानं घेतली आणि संगणकावर चौकट न् चौकट साफ केली. डाग कोणता आणि कोचिंगांची रेघ कोणती, फुटलेली रेघ कुठं जोडायची आणि कुठं हात आखडायचा, हे ठरवायला शाईवाल्याइतका लायक माणूस दुसरा कोण? २००९मध्ये ‘एल इंदिओ’ पुस्तकरूपात आलं. कोचिंग १९९८मध्येच वारले होते. त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला तो २०१४मध्ये.

नव्वदनंतर मनिलातली मोठी कोमिक्स प्रकाशनं एकेक करून बंद पडली, तेव्हा ‘कोमिक्स मेलं’ असं म्हणायची तिथं टूमच निघाली होती. जेरी त्यावर उखडत.  स्वतः गोळा केलेली जुनी पानं आणि अंक लोकांना पाहता यावेत म्हणून त्यांनी सान पाब्लोत छोटं संग्रहालय उभं केलं. गंमत अशी, की यातलं काहीही ठाऊक नसलेल्या असंख्य लोकांनी त्यांचा चेहरा पाहिलेला आहे. कॅमेऱ्यात पाहून खट्याळ हसणाऱ्या जेरींचा काही सेकंदांचा व्हिडिओ इंटरनेटवर जगभर फिरला.

२१ डिसेंबर २०१९ला ते गेले, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. दीड वर्षानं नेटफ्लिक्सवर ‘त्रेसे’ ही फिलिपिनो कॉमिकवरची मालिका आली, ती पाहायला ते नव्हते.

‘एल्मर’ कुठं हाती लागलं तर जरूर वाचा. फक्त घरी रात्री कोंबडीचा रस्सा असेल, तर आधी जेवून घ्या.