व्हॉल्व्ह टिकतो तो सीटवर

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी जोरात असते. ती आटोपली की रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा अशा तालुक्याच्या गावांतल्या मशीन शॉपमध्ये इंजिनांची हेडं येऊ लागतात. मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर तासन् तास एका जागी उभा राहून चालतो आणि चहूबाजूंनी भुसा अन् काळ्या मातीची धूळ उडत असते. एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालं की त्यातली थोडी धूळ इंजिनात जातेच. मग थंडीच्या दिवसांत सकाळी ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही, ओढही कमी होते. मेकॅनिक सांगतो, कॉम्प्रेशन गेलं, हेड खोलावं लागेल.

खोललेलं हेड बाकावर ठेवून कारागीर स्प्रिंग दाबतो, लॉक काढतो आणि एकेक व्हॉल्व्ह बाहेर ओढतो. आधी पाहतो एक्झॉस्टचा. व्हॉल्व्हच्या थाळीच्या कडेला एक तिरका पट्टा असतो. बहुधा ४५ अंशांचा, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद. तो सगळीकडून सारखा राखाडी असेल तर व्हॉल्व्ह ठीक. काळे खड्डे पडले असतील तर तिथून गॅस निसटत होता. कड जळून खाच पडली असेल तर तो व्हॉल्व्ह भंगारात. खड्डे उथळ असले तर पट्ट्याला घासायची पेस्ट लावतात, थाळीला रबरी कपाची काठी चिकटवतात आणि ती दोन्ही तळहातांत धरून व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो बंद होताना हेडमध्ये जिथे टेकतो त्या जागेवर, पुढे-मागे फिरवतात. मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणी चर पडत नाही. पेस्टचा खर मोडत जातो तशी आधीची करकर मऊ होते. मग पुसून बघायचं. पट्ट्यावरचं राखाडी कडं कुठे तुटलेलं नाही ना? शेवटी स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओततात. थाळीच्या कडेला ओल दिसली नाही की काम झालं.

हा बारीकसा पट्टा इतका जपायचं कारण आहे उष्णता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लागणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता या पट्ट्यातून सीटमध्ये आणि सीटमधून हेडमध्ये उतरते. उरलेली जाते दांड्यावाटे गाइडमध्ये. सीट नीट बसत नसेल तर व्हॉल्व्हला निवायला जागाच उरत नाही. म्हणून व्हॉल्व्हचं आयुष्य सीटसकट मोजावं लागतं. अतिवेगवान इंजिनांतला टायटॅनियमचा व्हॉल्व्हही याच नियमाने जगतो.

टायटॅनियम का लागतं, ते वेगावरून कळतं. पुण्याच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. महाराष्ट्रातल्या विहिरींवर त्यांची इंजिनं घरच्यासारखी झाली. त्यातलं ५ अश्वशक्तीचं उभं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतं, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. फॉर्म्युला वनमध्ये २००९ ते २०१३ या काळात फेऱ्यांची मर्यादा १८,००० होती. तिथे व्हॉल्व्ह सेकंदाला दीडशे वेळा उघडायचा. व्हॉल्व्ह हलवायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वजन आणि उचल तेवढीच धरली, तर बारापट वेगाला १४४ पट जोर हवा. साधी स्प्रिंग तिथे पुरी पडत नाही. रेनोने १९८०च्या दशकात दाबाखालच्या वायूवर चालणारी व्यवस्था आणली ती याचसाठी. दुसरा उपाय म्हणजे व्हॉल्व्हच हलका करणं. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास, टायटॅनियमची ४.५. त्याच मापाचा व्हॉल्व्ह सुमारे ४० टक्क्यांनी हलका होतो.

पण या धातूचे तीन दोष मोठे आहेत. एक, व्हॉल्व्हसाठी वापरले जाणारे त्याचे मिश्रधातू उष्णता फार हळू वाहतात, व्हॉल्व्हच्या पोलादापेक्षाही हळू. दुसरा, उघडा टायटॅनियम दुसऱ्या धातूवर घासला की चिकटतो आणि त्याचे कण उपटून येतात. म्हणून दांड्यावर आणि पट्ट्यावर क्रोमियम नायट्राइडसारखा अतिशय पातळ, कठीण लेप देतात. तिसरा, साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम ऑक्सिजन शोषून पृष्ठभागावर ठिसूळ होतो. शेव्हरोलेच्या २००६च्या कॉर्व्हेट झी०६ मध्ये इनटेकचा ५६ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह टायटॅनियमचा होता, तर एक्झॉस्टचा सोडियम भरलेला पोलादी. ही निवड मला शहाणपणाची वाटते. त्याआधी टोयोटाने १९९८च्या अल्टेझामध्ये दोन्ही व्हॉल्व्ह टायटॅनियमचे बसवले होते, पण त्यासाठी भुकटीपासून घडवलेला, बोराइडचे कण मिसळलेला खास धातू तयार करावा लागला.

सीटची निवडही यावरूनच ठरते. लेपाला ओरखडा न पाडणारी आणि व्हॉल्व्हची उष्णता झटकन ओढून घेणारी सीट हवी. शर्यतीच्या इंजिनांत त्यासाठी तांबे-बेरिलियमची सीट वापरतात. ती कापताना उडणारी बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे ती कापणाऱ्याला फार सांभाळून राहावं लागतं. पोलादी व्हॉल्व्हसाठी केलेली कडक सीट टायटॅनियमखाली ठेवली तर लेप लवकर जातो. उलट, मऊ सीटचाही तोटा असतो. पेट्रोलमधलं शिसं सीटवर संरक्षक थर धरायचं. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि जुन्या इंजिनांच्या मऊ बिडाच्या सीटचा तो आधार गेला. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांतही सीट खोल जाण्याची तक्रार असते, कारण हे इंधन कोरडं असतं.

मळणीच्या धुळीचं खरं नातं आहे मोटोक्रॉसच्या मोटरसायकलशी. यामाहाची वायझेड२५०एफ २००१ साली टायटॅनियमचे व्हॉल्व्ह घेऊन आली. मातीतल्या शर्यतीत एअर फिल्टर नीट बसला नसेल तर धूळ आधी इनटेकच्या पट्ट्यावर येते आणि लेप घासून काढते. आतला मऊ धातू उघडा पडला की थाळी सीटमध्ये खचत जाते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची गॅप कमी होते आणि इंजिन चालू व्हायला कुरकुरतं. मेकॅनिक पातळ शिम घालून गॅप पुन्हा जुळवतो. दोन-तीनदा असं करावं लागलं की व्हॉल्व्ह संपला म्हणायचा.

ट्रॅक्टरच्या हेडला वर्षानुवर्षं वाचवणारी ती पेस्ट इथे मात्र चालत नाही. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह सीटवर घासला की उरलासुरला लेपही पेस्टच खाऊन टाकते. इथे सीट कटरने नेमकी कापायची, वर नवा व्हॉल्व्ह कोरडाच ठेवायचा आणि निळा रंग लावून पट्टा कुठे टेकतो ते तपासायचं. स्वस्त पडतो म्हणून कुणी पोलादी व्हॉल्व्ह घालतात. मग वजन वाढतं आणि स्प्रिंगही जास्त ताकदीची लागते. शेतातल्या १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला पोलादी व्हॉल्व्हचं ते वजन मुळीच जड जात नाही. त्याला हवी असते धूळ अडवणारी एअर क्लीनरची टाकी, तेल बदललेली, आणि फिलर गेज हातात घेऊन हंगामाआधी टॅपेट पाहणारा माणूस.