शेवटच्या पर्वाचे तर्क



कथा ऐकणाऱ्याच्या तोंडीं एक प्रश्न सदैव असतो : पुढें काय झालें? तीच कथा हप्त्याहप्त्यानें सांगितली जाऊं लागली म्हणजे त्याला दुसरा एक प्रश्न येऊन चिकटतो : पुढें काय होणार? पहिला प्रश्न आपण कथा सांगणाऱ्याला विचारतों; दुसरा ऐकणारे आपसांत विचारतात. दूरचित्रवाणीवरील एखादी लोकप्रिय मालिका शेवटच्या पर्वाशीं येऊन ठेपली कीं या दुसऱ्या प्रश्नाला किती उधाण येतें, हें २०१९ सालीं जगानें पाहिलें. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकेंतील एच्. बी. ओ. या वाहिनीची मालिका त्या वर्षीं संपली. ती संपण्यापूर्वीं प्रेक्षकांनीं केलेले तर्क आणि ती संपल्यावर उसळलेला त्यांचा राग, यांचा एकमेकांशीं काय संबंध होता, एवढाच विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती प्रथम देतों. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या ग्रंथमालेवर ती आधारलेली आहे. वेस्टरॉस नांवाच्या कल्पित भूमींत एका लोहसिंहासनासाठीं अनेक सरदार घराणीं झुंजत आहेत, आणि उत्तरेकडून हिंवाळ्याबरोबर प्रेतांची सेना चालून येत आहे, असा तिचा विषय. ग्रंथमालेचा पहिला खंड १९९६ सालीं निघाला, पांचवा २०११ सालीं. मालिका १७ एप्रिल २०११ रोजीं सुरू झाली आणि आठ पर्वें, ७३ भाग होऊन १९ मे २०१९ रोजीं संपली. तोंपर्यंत सहावा खंड कांहीं प्रसिद्ध झाला नव्हता. त्यामुळें झालें असें कीं, पहिल्या पर्वांत पुस्तकें वाचलेल्यांना पुढचें ठाऊक असे. परंतु २०१६ च्या सहाव्या पर्वापासून वाचक आणि प्रेक्षक बहुतेक सारखेच अंधारांत आले. त्यांतच सातवें पर्व ऑगस्ट २०१७ मध्यें संपलें व आठवें एप्रिल २०१९ मध्यें सुरू झालें. मधल्या दीड वर्षाहून अधिक काळांत रसिकांजवळ तर्काखेरीज दुसरें कांहींच नव्हतें.

हा छंद दूरचित्रवाणीपेक्षां पुष्कळच जुना आहे. १८४१ सालीं डिकन्सची 'बार्नबी रज' ही कादंबरी साप्ताहिकांतून क्रमशः निघत होती. ती नुकती कोठें सुरू झाली, तोंच अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें एका पत्रांत लेख लिहून तिच्यांतील खुनाचें रहस्य आधींच फोडण्याचा प्रयत्न केला. कांहीं बाबतींत त्याचा नेम लागला, कांहींत चुकला. पुढें १८७० सालीं 'एडविन ड्रूडचें रहस्य' ही कादंबरी अर्धवट टाकून डिकन्स वारला. योजलेल्या बारा मासिक भागांपैकीं सहाच लिहून झाले होते. उत्तर देणाराच उरला नाहीं, मग तर्काला अंत कोठला? १९१४ सालीं लंडनमध्यें त्या कादंबरींतील जॉन जास्पर या पात्रावर खुनाचा लटका खटला भरण्यांत आला. चेस्टर्टन न्यायाधीश झाले आणि बर्नार्ड शॉ ज्यूरीचे प्रमुख. अखेरीस न्यायाधीशमहाराजांनीं न्यायालयाच्या बेअदबीबद्दल स्वतःखेरीज सर्वांनाच दंड ठोठावला! शहाणींसुरतीं माणसेंहि या खेळांत किती रंगतात, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

आतां या तर्कांचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात, आणि ते निरनिराळे ओळखणें अगत्याचें आहे. कारण तर्क करणारा स्वतः त्यांची नेहमीं सरमिसळ करीत असतो.

पहिला प्रकार खऱ्या अनुमानाचा. धूर पाहून अग्नि ओळखावा, तसें कथेंत दिसलेल्या खुणांवरून न दिसलेली गोष्ट ओळखावयाची. नेड स्टार्क हा सचोटीचा सरदार जॉन स्नो नांवाच्या मुलाला आपला अनौरस पुत्र म्हणून वाढवितो. पण त्याची आई कोण, हें कोणालाहि सांगत नाहीं. पहिल्याच खंडांत नेडला आपल्या मरणोन्मुख बहिणीला दिलेलें एक वचन पुनःपुन्हां आठवतें, तिची रक्तानें भिजलेली शय्या आठवते, निळे गुलाब आठवतात. वचन कसलें, तें मात्र लेखक उघड करीत नाहीं. जाणत्या वाचकांनीं या खुणा जुळविल्या आणि मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधीं ताडलें कीं, जॉन हा नेडचा पुत्र नसून त्याची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा असला पाहिजे. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे मालिकेचे कर्ते मार्टिन यांना प्रथम भेटले, तेव्हां मार्टिन यांनींहि त्यांना हाच प्रश्न घालून पाहिला होता, आणि त्या दोघांचें उत्तर बरोबर आलें होतें. २६ जून २०१६ रोजीं दाखविलेल्या भागांत हें गुपित पडद्यावर फुटलें. असंख्य प्रेक्षकांना तें आधींच ठाऊक होतें. तरी कोणाचा विरस झाला नाहीं. ज्याची वाट पाहिली तें घडल्याचा आनंदच झाला. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं; पुढें तिचा उपयोग होणार आहे.

दुसरा प्रकार कथेवरून न करतां कथा सांगणाऱ्याच्या खोडीवरून केलेल्या तर्काचा. २०११ सालीं पहिल्याच पर्वांत, ज्याला सर्वांनीं नायक मानलें त्या नेडचा शिरच्छेद झाला. २०१३ सालीं एका लग्नसमारंभांत त्याचा मुलगा रॉब, सून आणि पत्नी यांची कत्तल झाली. तेव्हांपासून प्रेक्षक उलटा हिशेब करूं लागले : जें घडावेंसें वाटतें तें येथें घडणार नाहीं, जो कोणाच्या ध्यानींमनीं नाहीं तोच गादीवर बसेल. नेडचा पांगळा मुलगा ब्रॅन राजा होईल, असा अंदाज शेवटच्या पर्वापूर्वीं पैज घेणाऱ्यांच्या बाजारांतहि जोरांत होता. याच ब्रॅनविषयीं, तोच प्रेतसेनेचा अधिपति निघेल, असा दुसरा तर्कहि पुष्कळांनीं लढविला होता. तो साफ चुकला.

तिसरा प्रकार इच्छेचा. मनांत जें हवें असतें तें माणूस अनुमानाचा वेष चढवून मांडतो. हद्दपार राजकन्या डेनेरिस ही गुलामांना मुक्त करणारी, ड्रॅगन बाळगणारी स्त्री. तीच राणी होणार, असें पुष्कळांनीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. २०१८ सालीं अमेरिकेंत जन्मलेल्या पांचशेंहून अधिक मुलींचें नांव 'खलीसी' या तिच्या पदवीवरून ठेवलें गेलें, असें तेथील सरकारी नोंद सांगते. आपल्या मुलीला जिचें नांव दिलें तिच्याविषयीं तटस्थ अनुमान करणें कोणत्या आईबापांना शक्य आहे? वास्तविक उलट बाजूच्या खुणाहि कथेंत होत्या. तिचा बाप वेडा राजा म्हणून कुप्रसिद्ध होता, आणि सबंध राजधानी जाळून टाकण्याचा त्याचा बेत होता. २०१२ सालीं दुसऱ्या पर्वाच्या शेवटीं तिला एक आभास झालेला दाखविला आहे : दरबाराचें छप्पर उडालें आहे, आणि सिंहासनावर वरून पांढरे कण पडत आहेत. हे कण हिमाचे कीं राखेचे, यावर रसिकांत वाद झाले.

२०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत सहा भागांचें शेवटचें पर्व दाखविण्यांत आलें. तिसऱ्या भागांत नेडची धाकटी मुलगी आर्या हिनें प्रेतसेनेच्या अधिपतीला ठार केलें. पांचव्यांत, राजधानी शरण आल्याच्या घंटा वाजूनहि डेनेरिसनें ड्रॅगनवर बसून नगर जाळलें. सहाव्यांत जॉननें तिचा वध केला, ड्रॅगननें सिंहासन वितळविलें, आणि उरलेल्या सरदारांनीं ब्रॅनला राजा निवडलें. पांढरे कण राखेचे होते. त्या रात्रीं एकट्या अमेरिकेंत १ कोटी ९३ लाख लोकांनीं शेवटचा भाग पाहिला. सप्टेंबर २०१९ मध्यें उत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी पारितोषिकहि मालिकेला मिळालें. आणि याच पर्वाविरुद्ध, तें नव्यानें लिहवून घ्यावें अशा मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या पडल्या.

हा राग तर्क चुकल्याचा होता, असें म्हणणें सोपें आहे. पण तें पुरेसें नाहीं. ब्रॅनविषयींचा तर्क बरोबर आला होता, तरी तो राजा झालेला फार थोड्यांना रुचला. डेनेरिसच्या सर्वनाशाच्या खुणा दिसल्या होत्या, तरी तो अनेकांना पटला नाहीं. जॉनच्या जन्माचें रहस्य मात्र आधीं कळूनहि गोड लागलें. तेव्हां तर्क साधला कीं चुकला, यावर समाधान अवलंबून नव्हतें, हें उघड आहे. मग तें कशावर अवलंबून होतें?

याचें उत्तर आपल्या जुन्या नाट्यशास्त्रांत सांपडतें. भरतानें नाटकाच्या कथानकाचे पांच संधि सांगितले आहेत. मुखसंधींत बीज पेरलें जातें. प्रतिमुखांत त्याचा अंकुर क्षणभर दिसतो, क्षणांत झांकतो. गर्भसंधींत फळ मिळतेंसें वाटतें, पुन्हां हरवतें, पुन्हां शोध सुरू होतो. विमर्शांत संकट आडवें येतें आणि मन हेलकावे खातें. अखेर निर्वहणसंधींत विखुरलेले सर्व धागे एकत्र येतात. म्हणजे शेवट ही बीजाची परिणति. बीज आणि फळ यांच्यामध्यें वाढीचा काळ गेलाच पाहिजे.

या कसोटीवर तिन्ही उदाहरणें लावून पाहा. जॉनचें बीज पहिल्या पर्वांतच पेरलें होतें आणि पांच वर्षें तें जमिनींत वाढत होतें. ब्रॅनला तर सबंध पांचव्या पर्वांत, म्हणजे २०१५ सालच्या दहाहि भागांत, स्थानच नव्हतें. राज्य करण्याची त्याला इच्छा आहे कीं शक्ति आहे, याची चर्चा कथेनें फारशी कधीं केलीच नाहीं. सरदारांच्या सभेंतील एका भाषणानें तो राजा झाला. डेनेरिसचें बीज पेरलेलें होतें. पण करुणेकडून क्रौर्याकडे तिचें मन कसकसें वळलें, हा विमर्शाचा भाग थोडक्या प्रसंगांत आटोपला. आरंभींचीं पर्वें दहा-दहा भागांचीं होतीं. सातवें सातांचें आणि आठवें सहांचें. गर्भसंधींतून एकदम निर्वहणांत उडी पडली, आणि मधली विहीर प्रेक्षकांना दिसली.

मात्र सगळा दोष एका बाजूला टाकणें अन्यायाचें होईल. मूळ ग्रंथच पुरा झाला नसतां कर्त्यांना शेवट बांधावयाचा होता. शिवाय कांहीं तर्क तर दुसऱ्याच शेतांतील बीजावर उभे होते. राणी सर्सी हिचा गळा तिचा धाकटा भाऊ दाबील, असें एक भाकीत पुस्तकांत आहे. त्यावरून जेमी तिला मारणार, अशी पुष्कळांची खात्री होती. मालिकेनें भाकिताचा तो भाग घेतलाच नव्हता. पडद्यावर बहीणभाऊ एकमेकांच्या मिठींत ढिगाऱ्याखालीं मेले, आणि न दिलेलें वचन मोडल्याचा ठपका मालिकेवर आला.

वाचकांनीं रहस्य ओळखलें म्हणून लेखकानें तें बदलावें काय? मार्टिन यांनीं याचें उत्तर अनेकदां नकारार्थी दिलें आहे. ज्या खुणा पेरल्या त्यांच्याशीं बेइमानी करून वाचकाला चकित करण्यांत अर्थ नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तो आपल्या लोकांना तरी समजावून सांगावा लागूं नये. रामकथेंत पुढें काय होणार, हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असतें. म्हणून कांहीं कीर्तनाची गर्दी हटत नाहीं. बुवा वनवासाच्या प्रसंगाशीं कसे येतात, कैकेयीचें मन मंथरेकडून कसें फिरवितात, हें ऐकावयास लोक बसतात. तेथेंच बुवांनीं घाई केली तर मात्र श्रोता चुळबुळ करूं लागतो.

तर्क करणारा प्रेक्षक एक मोठी गोष्ट गृहीत धरून चाललेला असतो : येथें दिसलेलें कांहींहि उगाच दाखविलेलें नाहीं. निळ्या गुलाबाचा हिशेब तो वर्षानुवर्षें ठेवतो, कारण सांगणारा तो हिशेब चुकता करील असा त्याचा भरंवसा असतो. २०१९ सालीं दुखावला गेला तो हा भरंवसा. पुढें एखादी आवडती मालिका शेवटच्या पर्वाशीं आली आणि घरांत अटकळींना ऊत आला, म्हणजे प्रत्येकानें आपल्या तर्काला एवढेंच विचारावें कीं, बाबा, तूं कथेंतील खुणांवरून आलास, सांगणाऱ्याच्या खोडीवरून आलास, कीं माझ्या इच्छेच्या पोटीं आलास? आणि शेवट आला म्हणजे तो आपल्याला साधला कीं नाहीं, हें पाहण्याआधीं तो पेरलेल्या बीजांतून उगवला कीं नाहीं, हें पाहावें. मग रागवावयाचें झालें तर खुशाल रागवावें.