कोलटकरांचा रेल्वेला नवस

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांनो, अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ गाइडमधून पाठ करू नका. फलाटावर लोकलची वाट बघत वाचा!

कोल्हापूरला जन्मलेल्या, मराठीतही तितक्याच ताकदीने लिहिणाऱ्या या कवीची ही इंग्रजी कवितामाला १९७६ साली पुस्तकरूपात आली. १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. विषय खंडोबाचा, पण शेवट होतो रेल्वे स्टेशनात. तिथला इंडिकेटर म्हणजे रंग उडालेला लाकडी संत. खरुजलेलं कुत्रं तीनशे वर्षं तपाला बसलेलं. मग चक्क नवस: घड्याळापुढे बकरं कापू, रुळावर नारळ फोडू, स्टेशनमास्तरांना दुधाने न्हाऊ घालू, फक्त पुढची गाडी कधी ते सांगा.

ही नुसती टिंगल वाटते ना? मला नाही वाटत. रूपक दोन्हीकडून चालतं. स्टेशनाचं देऊळ होतं, तसंच देवळातल्या देवघेवीचंही टाइमटेबल होतं. देव आणि रेल्वे, दोघंही विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत. (मेगाब्लॉकच्या रविवारी हे कुणाला वेगळं समजवायला नको.)

कादंबरीकार-समीक्षक भालचंद्र नेमाड्यांना मात्र ही नजर उपऱ्या पर्यटकाची वाटली होती. त्यांचा आक्षेप मनात ठेवून याच मालेतली ‘यशवंतराव’ ही कविता वाचा. मुख्य देवळाबाहेरचा हा हातपाय नसलेला, पोस्टाच्या पेटीसारखा लालभडक देव. मोठ्या देवांपेक्षा कवीचा जीव त्याच्यावरच जास्त, असं माझं मत.