पाहुणचाराला गुण किती?

गेल्या वर्षी दसऱ्याला पंधरा दिवस असतील-नसतील, तेव्हाची गोष्ट. आमच्याच वस्तीतली एक मुलगी रविवारी सकाळी जाडजूड फाइल घेऊन घरी आली. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्या वर्षी तिला एक प्रबंध लिहायचा होता. मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे लग्नपत्रिकेपासून मानपत्रापर्यंत सारे लेखन शेवटी माझ्या दारात येऊन थांबते. तसेच काहीसे असेल, अशा समजुतीने मी चष्मा लावला.

"सर, ही प्रश्नावली जरा शुद्ध करून द्या न. इंग्रजीतून मीच मराठी केली आहे."

प्रबंधाचा विषय होता दीक्षाभूमीवर येणारे पर्यटक आणि शहरातील आदरातिथ्य सेवा. विषय चांगला होता. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मात्र असा : 'सेवा पुरवठादाराच्या भौतिक सुविधा दृष्टीस आकर्षक असाव्यात, याविषयी आपली अपेक्षा कितपत तीव्र होती? एक ते पाच यांपैकी एका अंकावर खूण करा.' असे एकंदर 44 प्रश्न. मी एम्. ए. असूनही पहिला प्रश्न मला दोनदा वाचावा लागला.

फाइलीत 200 छापील प्रती होत्या आणि वरच्या साठेक भरलेल्याही होत्या. मी सहज चाळू लागलो. सगळीकडे चार, चार, पाच, चार. शाई एकच, खुणेचे वळणही एकच.

"अगं, दसरा तर अजून यायचा आहे. ही साठ माणसे आली कधी आणि गेली कधी?"

ती गप्प. मग खाली मान घालून म्हणाली, "होस्टेलवर मैत्रिणींनी मिळून भरल्या, सर. सगळेच भरतात. दोनशेचा आकडा पाहिजे म्हणतात. गर्दीत एवढे प्रश्न ऐकायला थांबणार कोण?"

मला हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. कारण तिचे म्हणणे खरेच होते : सगळेच भरतात. घरोघरी मुलांचे 'प्रोजेक्ट' कसे तयार होतात हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आई चित्रे चिकटवते, वडील मजकूर उतरवून देतात. मोठ्या मुलांसाठी टंकलेखन-बांधणीसह तयार प्रबंध देणारी माणसे असतात आणि आता तर यंत्रही मागाल तो मजकूर घटकाभरात लिहून देते. माझ्यापुरते सांगायचे, तर विद्यार्थी असताना मी जात्यावरच्या ओव्यांवर मोठा निबंध लिहिला होता. त्यासाठी मी एकदाही जात्याजवळ बसलो नव्हतो. चार पुस्तकांवरून पाचवे केले आणि गुणही उत्तम मिळाले! तेव्हा त्या मुलीला बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता. मी एवढेच म्हणालो, "चहा घे. हे 44 प्रश्न आले कुठून, ते आधी पाहू."

त्या प्रश्नांचा उगम मोठा रंजक निघाला. 1988 साली अमेरिकेत परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी सेवेचा दर्जा मोजण्यासाठी 'सर्व्हक्वाल' नावाची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात 22 विधाने. ती दोनदा विचारायची, एकदा तुमची अपेक्षा काय होती म्हणून आणि एकदा प्रत्यक्षात काय मिळाले म्हणून. बावीस दुणे चव्वेचाळीस! दोन्हींमधले अंतर म्हणजे सेवेची उणीव. दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, खात्री आणि आपुलकी अशी तिची पाच अंगे. जगभरच्या हॉटेल-महाविद्यालयांत ही पट्टी आज वापरली जाते. पट्टी वाईट नाही. पण ती आधी लावून पाहिली गेली बँका, क्रेडिट कार्डे, दुरुस्तीची दुकाने आणि लांब पल्ल्याचे टेलिफोन या धंद्यांवर. पैसे मोजून सेवा घेणारे गिऱ्हाईक तिच्यात गृहीत धरलेले आहे. दीक्षाभूमीवर रांगेत उभी असलेली म्हातारी कोणाची गिऱ्हाईक?

"मग ती पर्यटक तरी आहे का?" मी विचारले. ती पाठ असल्यासारखे उत्तर देऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येप्रमाणे नेहमीच्या परिसराबाहेर जाऊन जो एक तरी रात्र मुक्काम करतो तो पर्यटक. ज्या कारणांसाठी हा प्रवास होतो त्यांच्या यादीत धर्म आणि यात्रा यांनाही स्थान आहे. म्हणजे फुटपाथवर चादर टाकून रात्र काढणारी बाई शास्त्राप्रमाणे पर्यटक ठरते. फक्त हॉटेलच्या रजिस्टरात तिचे नाव लागत नाही, म्हणून ती कोणाच्या हिशेबात येत नाही.

"आता तू विषयाला आलीस," मी म्हणालो.

हॉटेलचा धंदा शिकवण्याची सुरुवात आपल्याकडे कशी झाली, हे त्या दिवशी तिच्याच पुस्तकावरून मला कळले. 1954 साली मुंबईत या विषयाची देशातली पहिली संस्था निघाली. ती लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने, बायकांच्या अन्न परिषदेने काढली. आधी अन्नाचा प्रश्न होता, पंचतारांकित झगमगाट नंतरचा. ही गोष्ट मला फार आवडली.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरने जो पाहुणचार केला त्याला तोड नाही. 1956 च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपूरला आले ते सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. 13 तारखेच्या संध्याकाळी तिथेच त्यांनी पत्रकारांना मुलाखत दिली आणि दुसऱ्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या मुहूर्तावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवस्थेचे ओझे वाहिले होते. पण लाखो माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी आली होती. ती काही हॉटेलात उतरली नव्हती. नातलगांच्या खोलीत, ओसरीवर, झाडाखाली, मोकळ्या मैदानात राहिली. नेता हॉटेलात आणि जनता मैदानात, एवढेच त्यात पाहू नये. शहराच्या गरीब वस्त्यांनी त्या दिवसांत किती माणसे पोसली, त्याची बिले कोणी फाडली नाहीत म्हणून त्याचा इतिहासही कोणी लिहिला नाही.

हे बोलणे चालले असताना ती मुलगी हळूच म्हणाली, "माझी आजी तेव्हा सहा वर्षांची होती, सर. तिच्या वडिलांनी खांद्यावर बसवून आणले होते. अजून सांगते."

"मग हे प्रबंधात कुठे आहे?"

"ते चालत नाही न, सर. ते घरचे आहे."

मी तिची प्रश्नावली बाजूला ठेवली. आम्ही दोघांनी मिळून नवी केली. तिच्यात नऊच प्रश्न होते. कुठून आलात? कोणाबरोबर? रात्री कुठे टेकलात? पोटाला काय, कोणी दिले? पाणी? आंघोळीचे काय केले? लेकीसुनांना आडोसा होता का? काय अवघड गेले? पुढच्या वर्षी याल का? एकही प्रश्न असा ठेवला नाही, जो तिच्या आजीला समजला नसता. 'आदरातिथ्य' हा शब्द तर कुठेच नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या रात्री मीही तिच्याबरोबर गेलो. पस्तीस वर्षे या शहरात राहून मी तिथे त्या रात्री कधी पायी फिरलो नव्हतो, हे सांगताना संकोच वाटतो. लक्ष्मीनगरच्या बाजूने आम्ही निघालो. पांढरी लुगडी, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, हाताला धरलेली पोरे. समोर दिव्यांनी उजळलेला तो भव्य स्तूप. 2001 च्या डिसेंबरात राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पातेली उतरत होती, कुठे मसालेभात, कुठे पुरीभाजी. कोणी कोणाला जात, गाव, नाव विचारत नव्हते. 'या, बसा' एवढेच. आणि पुस्तकांची दुकाने तर ओळीने! उपाशी राहीन पण पुस्तक नेईन, अशा निश्चयाने माणसे पाने उलटत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात मला हे दृश्य दिसत नाही.

एका झाडाखाली यवतमाळकडची एक म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. आमच्या मुलीने आधी, गंमत म्हणून म्हणा की खात्री करून घ्यायची म्हणून म्हणा, जुनी प्रश्नावली काढली. "आजी, जेवणाला एक ते पाच यांतले किती गुण द्याल?"

"पाच."

"झोपायच्या जागेला?"

"पाच लिव माय, सगळ्याले पाचच लिव. खाल्ल्या अन्नाले नाव ठेवू काय?"

अमेरिकेत तयार झालेली मोजपट्टी त्या झाडाखाली मोडून पडली. मग मुलीने कागद पिशवीत घातला, म्हातारीजवळ बसकण मारली आणि दिवसभराचे विचारू लागली. अर्ध्या तासाने कुठे ते वाक्य आले. म्हातारी म्हणाली, "दुपारपासून पानी नाही पेली मी."

पाणी हाताशी होते. सोयही होती, पण जरा लांब. झोपलेल्या नातीला आणि गाठोड्याला कोणाच्या भरवशावर टाकून जावे? रात्रीचे उठावे लागू नये, म्हणून तिने दुपारीच पाणी बंद केले होते. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. घरी, शेतात, यस्टीत बाईमाणसाने जे जन्मभर करायचे तेच ती करत होती. त्यानंतर आम्ही ज्या ज्या बाईला विचारले तिच्याकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकले. त्या साठ भरलेल्या कागदांत 'भौतिक सुविधा' या खान्यात काय होते? चार, चार, पाच, चार.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. कागदावर यजमान आणि पाहुणे असे दोन वेगळे रकाने होते. पण भात वाढणाऱ्या एका तरुणाला विचारले तेव्हा तो म्हणाला, लहानपणी आईबरोबर येऊन तो याच रस्त्यावर जेवला होता. आता नोकरी लागली म्हणून वाढायला येतो. त्याला कोणत्या रकान्यात घालायचे? 'हॉस्पिटॅलिटी' हा शब्द ज्या लॅटिन 'होस्पेस'वरून आला, त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. आणि आपला 'अतिथी'? ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी त्याची व्युत्पत्ती पूर्वापार सांगतात. इथे मात्र सारे उलटे होते. तिथी पक्की ठरलेली, पण येणारा कोण ते ठाऊक नाही, आणि तरी पातेले चढलेले.

दोन दिवसांत तिने 37 माणसांशी बोलून टिपणे केली. दोनशेपैकी ती साठ प्रते तिने स्वतःच फाडली. मार्गदर्शक बाईंकडे जाताना ती घाबरली होती. बाईंनी सारे ऐकून घेतले आणि एकच सांगितले : जे केले ते आणि का केले ते पद्धतीच्या प्रकरणात जसेच्या तसे लिही, प्रश्नावली कशी मोडली तेही लिही. मला त्या बाईंचे कौतुक वाटले. प्रबंधाचे ते प्रकरण एरवी कोणी वाचत नाही. हे मी दोनदा वाचले. पहिले प्रकरण आजीपासून सुरू झाले होते. शेवटी सूचना होत्या, त्याही अगदी साध्या. बायकांच्या मुक्कामाजवळच दिव्याखाली आडोसा असावा आणि गाठोडी व झोपलेली मुले सांभाळायला स्वयंसेविका बसाव्यात. खर्च फार नाही. पण ही सूचना 200 प्रतींतून निघाली नसती.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला विचारले म्हणे, "नमुना एवढा लहान का?"

ती म्हणाली, "मोठा करता आला असता, सर. पण वरची माणसे मग मीच झाले असते."

गुण बरे पडले. पहिली वगैरे ती आली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण खरे काम केले की पहिला नंबर येतोच, असे मुलांना सांगणे हीही एक प्रकारची खोटी प्रश्नावलीच आहे.

उरलेल्या कोऱ्या प्रती तिने माझ्याकडेच ठेवल्या. आमच्या घरी आता त्यांच्या पाठीवर वाण्याची यादी होते. यंदा दसऱ्याच्या चार दिवस आधी ती आली आणि म्हणाली, "सर, आम्ही चौघीजणी या वर्षी रात्री मुलं सांभाळायला बसणार आहोत. तुम्ही येता का?"

आमची सौ. माझ्या आधीच "हो" म्हणाली. त्या रात्री आम्ही दोघे तिथे होतो. गाठोडी ओळीने लावली होती आणि एकेक बाई झोपलेले मूल सौ.च्या हवाली करून निर्धास्तपणे उठून जात होती.