'सक्सिडेनिअम' : एक शब्द आणि आपली प्रतिनिधी द्रव्ये

जुन्या इंग्रजी औषधिग्रंथांत 'सक्सिडेनिअम' हे नाम आढळते. आज ते इंग्रजी भाषकांनाही अपरिचित झाले आहे. त्याचा अर्थ मात्र वैद्यांच्या व औषधविक्रेत्यांच्या नित्य व्यवहारातला आहे. म्हणून त्याचा येथे परामर्श घेत आहोत.

'सक्सिडेनिअम' म्हणजे मूळ द्रव्याच्या अभावी योजलेले दुसरे द्रव्य. मागाहून येणे, जागा घेणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द बनला. 'सक्सेसर' म्हणजे वारस, हा शब्दही त्याच कुळातला. सतराव्या शतकात तो इंग्रजीत रूढ झाला. त्याचे अनेकवचन 'सक्सिडेनिआ' असे होते. दुधाच्या दातांच्या जागी येणाऱ्या दातांना दंतशास्त्रात आजही 'सक्सिडेनिअस' म्हणतात.

या शब्दाचा एक वापर बोधप्रद आहे. 1833 मध्ये क्रॉकोर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये दात भरण्यासाठी सोन्याऐवजी चांदी व पारा यांचे मिश्रण आणले आणि त्यास 'रॉयल मिनरल सक्सिडेनिअम' असे भारदस्त नाव दिले. त्या नावात पाऱ्याचा उल्लेखही नव्हता. पुढे या मिश्रणावरून अमेरिकेतील दंतवैद्यांत दीर्घकाळ वाद माजला.

आपल्या शास्त्रात यालाच 'प्रतिनिधी द्रव्य' ही संज्ञा आहे. भावप्रकाशात मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या अभावी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीच्या अभावी अश्वगंधा व ऋद्धि-वृद्धीच्या अभावी वाराही सांगितली आहे. मात्र तेथेच एक मर्यादाही घातली आहे : योगातील अप्रधान द्रव्यासच प्रतिनिधी घ्यावा, प्रधान द्रव्यास नव्हे.

ही मर्यादा किती महत्त्वाची आहे ते बालचतुर्भद्र चूर्णावरून दिसते. मुस्ता, पिंपळी, अतिविषा व काकडशिंगी ही त्यातील चार द्रव्ये. अतिविषा हिमालयात उंचावर होते आणि महाग पडते. तिच्या अभावी मुस्ता घेण्याची परंपरा आहे. परंतु या योगात मुस्ता आधीच असल्याने चार द्रव्यांची तीनच उरतात. 'शिशुभैषज्या' हे जिचे पर्यायनाम, तीच बालकाच्या औषधातून नाहीशी होते. वेष्टनावर मात्र 'चतुर्भद्र' कायम राहते! बालकास गुण न आल्यास दोष योगाला लागतो, वैद्याला लागतो. बदललेल्या द्रव्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

प्रतिनिधी आणि भेसळ यांतील सीमारेषा येथेच आहे. शास्त्राधार असलेला आणि उघडपणे सांगितलेला बदल हा प्रतिनिधी. लपविलेला बदल ही भेसळ. औषध नियमावलीतील नियम 161 नुसार वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी, वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह व वापरलेल्या अंगासह, देणे बंधनकारक आहे. तेव्हा औषधविक्रेत्यांनी प्रतिनिधी द्रव्य दिल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि वैद्यांनीही औषध घेताना योगाच्या नावावर न थांबता घटकांची यादी वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.